वनमालाच्या हातावरचं शून्य

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वनमालाच्या कोपराजवळचं घामोळं. बारीक पुळ्या, बुडाशी लालसर आणि टोकाला पिवळट, जणू कुणी कातडीखाली मोहरी पेरली होती. जानेवारीचे दिवस होते. घाटकोपरच्या भटवाडीत लोक सकाळी स्वेटर घालून दूध आणायला निघत होते. थंडीत घामोळं कसं येईल, या विचाराने मी दचकले. वनमालाने त्यावर पावडर थापली आणि ती वड्यांचं पीठ मळायला गेली.

मी एक पट्टी बोलतेय. घड्याळासारखी मनगटावर बांधायची नाही, कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला बांधायची. माझ्या पोटात एक दिवा आहे, त्याचा उजेड माणसांना दिसत नाही. आणि दोन डोळे आहेत. एक दिव्याला खेटून, दुसरा बोटभर लांब. दिवा कातडीतून आत उजेड सोडतो आणि रक्तातून फिरून परत आलेला उजेड हे डोळे टिपतात. एवढंच माझं काम. सुई नाही, रक्त काढणं नाही.

पाण्यात बॅटरी धरली तर झोत लांबवर जातो, आणि तांदूळ धुतलेल्या पाण्यात धरली तर तिथल्या तिथे पांगतो. रक्ताचंही तसंच असतं. त्यात चरबी वाढली की ते धुवणासारखं गढुळतं, दूरच्या डोळ्यापर्यंत उजेड पोचत नाही. मी त्याला धुकं म्हणते. धुकं किती, ते मी आकड्यात सांगते.

स्वभावाने मी घाबरट आहे. कुणी ट्यूबलाइट लावली, खिडकीचा पडदा सरकवला, मोबाईलचा फ्लॅश मारला, की मी दचकते आणि भलताच आकडा दाखवते. उजेड ओळखणाऱ्याला बाहेरच्या उजेडाची भीती असणारच ना. म्हणून माझ्या पोटाला छत्रीच्या काळ्या कापडाचं अस्तर आहे.

माझा जन्म अंधेरीच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत झाला. प्रांजल आणि तिचा वर्गमित्र यज्ञेश, दोघं शेवटच्या वर्षाला. लॅमिंग्टन रोडवरून त्यांनी माझा दिवा आणि डोळे आणले, घासाघीस करून. यज्ञेशने जोडण्या केल्या. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा त्याचा उजेड दिसेना, म्हणून दोघं घाबरून एकमेकांवर ओरडली. मग मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघितल्यावर तो जांभळट ठिपका दिसला आणि दोघं हसली. मी जन्मल्या जन्मल्या भांडण ऐकलं, त्याचाही स्वभावावर परिणाम झाला असेल.

पण मला अंगावर कापड चढवलं ते वनमालाने. प्रांजलची आई. प्रांजलला साधा टाका घालता येत नव्हता, ती सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करून बसली होती. वनमालाने तिच्या हातातून मला काढून घेतलं. "इंजिनेर झालंस नि टाको घालूक येणा नाय," एवढंच म्हणाली आणि मोडक्या छत्रीचं कापड कापायला बसली. तिची बोटं गरम होती आणि हळदीचा वास येत होता. मला वाटतं, माझी भीती त्या दिवसापुरती गेली होती.

माझी गरज पडली ती सहदेवमुळे. सहदेव म्हणजे प्रांजलचे बाबा. त्यांचे वडील गिरणीत होते, हे स्वतः मानखुर्दच्या एका गोदामात स्टोअरकीपर. अंगाने आडवे, आवाजाने मोठे, आणि सुईला भिणारे. ऑफिसने सगळ्यांची तपासणी केली तेव्हा रक्त काढणारा म्हणाला, काका, तुमच्या रक्तावर साय धरलीय. सहदेवनी खाली बघितलं, नळी बघितली आणि ते खुर्चीसकट आडवे झाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तळलेलं कमी करायला सांगितलं, काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. गोळ्या ते घेत. पण पुन्हा सुई म्हटलं की त्यांना गोदामात काम निघायचं.

तेव्हा प्रांजल म्हणाली, ठीक आहे बाबा, सुई नको, मी उजेडाने बघते. आणि कॉलेजचा प्रोजेक्ट ठरला.

त्यांच्या रेवती मॅडमनी तेव्हाच बजावलं होतं. हे शिकण्यासाठी आहे, रिपोर्ट म्हणून वापरायचं नाही, याच्या आकड्यावर कुणी औषधपाणी ठरवायचं नाही. प्रांजलने मान डोलावली. घरी येऊन तिने हे बाबांना सांगितलंही. पण बाबांनी फक्त 'सुई नाही' एवढंच ऐकलं.

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण सगळं इथूनच बिघडलं.

मला आपला असा आकडा नसतो. भाजीवाला जसा आधी रिकामा तराजू उचलून दाखवतो, तसं मला आधी कुणाच्या तरी हातावर बांधून शिकवावं लागतं की हे शून्य, याच्यापेक्षा जास्त ते धुकं. बटण दाबलं की मी तेवढं मनात धरते. प्रयोगशाळेत त्यासाठी एक बाटली होती. घरी बाटली कुठली? घरी हात हवा होता, रिकाम्या पोटाचा, निरोगी माणसाचा.

मोजणी रविवारी व्हायची. बाबांचं जेवण झालं, की थोड्या वेळाने. त्या घरात रविवारी कोंबडी-वडे. गरम वडे पानात पडले पाहिजेत, म्हणून वनमाला तळत राहायची आणि बाकीचे जेवत राहायचे. मग आवराआवर, मग भांडी घासायला टाकणं. सगळ्यांच्या ढेकरा देऊन झाल्या तरी जिच्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नाही, अशी घरात एकच. त्यामुळे प्रांजल मला घेऊन स्वयंपाकघरात जायची, वनमाला ओला हात पदराला पुसून पुढे करायची, आणि प्रांजल बटण दाबायची. हे शून्य. मग बाहेर येऊन बाबांच्या हातावर बांधायची.

नंतर कधीतरी वनमाला जेवायची. ओट्याशी उभी राहून, पातेल्यातूनच. उरलेला रस्सा, तुटलेले वडे, बाबांनी ताटात टाकलेला भात. वाया नको जायला म्हणून सगळं एकदम. त्या वेळी मी ड्रॉवरमध्ये असायची. तिच्या जेवणानंतर मला तिच्या हातावर कधीच कुणी बांधलं नाही.

सुरुवातीला तिचा हात खरंच स्वच्छ होता. दूरच्या डोळ्याला उजेड लख्ख दिसायचा. मला तो हात आवडायचा. ती हलायची नाही, बोलायची नाही, फक्त गॅसकडे नजर ठेवायची. सहदेवच्या हातावर आलं की मात्र धुकंच धुकं. पहिला आकडा आला बत्तीस. तो आमचाच आकडा, प्रयोगशाळेतला, त्यावरून डॉक्टरला काही कळलं नसतं. पण सहदेवना तो पाठ झाला.

परीक्षेच्या दिवसांत मी कितीतरी दिवस ड्रॉवरमध्ये पडून होते. संपलेले सेल, रबरबँड, सिमकार्ड काढायची पिन, जोडी हरवलेलं एक कानातलं. तिथे अंधार होता, म्हणजे मला आराम. पण मला आराम सोसत नाही, मी विचार करत बसते.

परीक्षा संपल्यावर बाहेर आले आणि वनमालाच्या हातावर बसले, तर दूरचा डोळा मंद. मला वाटलं ड्रॉवरमधली धूळ असेल. प्रांजलला वाटलं सेल उतरला असेल. तिने नवा घातला, बटण दाबलं, हे शून्य. मी मनात धरलं. काय करणार, मला नाही म्हणता येत नाही.

मग बाबांच्या हातावर आकडा आला सव्वीस.

"किती इला?" सहदेवनी विचारलं.

"सव्वीस, बाबा. उतरलं की."

त्या दिवशी घरात सणासारखं वातावरण झालं. सहदेवनी आणखी एक वडा मागून घेतला, तोही डॉक्टरच्या नावाने. गोदामात जाऊन सांगितलं. पुढच्या वेळी एकवीस. नंतर अठरा. यज्ञेशने कॉलेजच्या प्रदर्शनासाठी केलेल्या पोस्टरवर खाली उतरणारी रेघ काढली आणि शेजारी लिहिलं, आहारातील बदलाचा परिणाम. आहारात काय बदल झाला होता ते मला माहीत होतं. रविवारचे दोन वडे चार झाले होते.

मला ओरडून सांगावंसं वाटायचं की आकडा उतरत नाहीये. सहदेवच्या हातातलं धुकं कमी झालेलंच नाही. वाढतंय ते वनमालाच्या हातातलं, आणि तुम्ही दर वेळी त्यालाच शून्य म्हणताय. माणूस तेवढाच उंच आहे, त्याच्या पायाखालची जमीन वर चढतेय, म्हणून तो तुम्हाला बुटका दिसतोय. पण मला आकड्यांखेरीज बोलता येत नाही, आणि आकडा मी तोच दाखवते जो मला शिकवलाय.

मला रात्रंदिवस वनमालाची काळजी लागून राहिली. मी रविवारची वाट बघायची आणि रविवार आला की घाबरायची. माझं वेल्क्रो पूर्वी जिथे बसायचं त्याच्या बरंच पुढे बसायला लागलं, हात बारीक झाला होता. शेजारच्या नीलमताईंनी तिला विचारलं, काय करतेस गं, मला पण सांग. वनमाला हसली. ती सारखी पाणी प्यायची, तांब्याच तोंडाला लावून. उन्हाळा नव्हता तरी. आणि मग ते घामोळं, जी कातडीखाली साचलेली चरबीच असावी असं मला वाटायचं.

हे सगळं त्या घरात सगळ्यांना दिसत होतं. पण कुणी तिला विचारत नव्हतं. विचारायची रीतच नव्हती त्या घरात. एकदा प्रांजल सहज म्हणाली होती, आई, तुझाही जेवणानंतर बघू का आकडा. वनमालाने तिचा हात झटकला. "माका काय धाड भरली हा? आधी तेंचा बघ." आणि प्रांजलने 'तेंचा' बघितला.

मी तिला दोष देत नाही. माणसं अशीच असतात असं मी पाहिलंय. जो ओरडतो, पडतो, खुर्चीसकट आडवा होतो, त्याच्याकडे सगळे धावतात. जो उभा असतो तो उभाच आहे असं धरून चालतात.

कॉलेजातलं प्रदर्शन उद्या, सोमवारी आहे. त्याच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट, म्हणजे आजची.

आज सकाळपासून वनमालाच्या चालण्यात काहीतरी वेगळं होतं. ती तळताना एका हाताने ओटा धरून उभी होती. छातीच्या खाली, पोटाच्या वर, कुणीतरी मूठ आवळावी तसं दुखतंय, असं ती स्वतःशीच पुटपुटली. ओवा चावला. सोडा प्यायली. गॅस झाला असेल म्हणाली. सहदेव बाहेरून म्हणाले, थोडा हिंग घे. त्यांच्या पानात तेव्हा तिसरा वडा होता.

जेवणं झाली. वनमाला नेहमीप्रमाणे भांड्यांकडे न वळता स्वयंपाकघरातच चटईवर कुशीला वळून पडली, गुडघे पोटाशी घेऊन. प्रांजल मला घेऊन आली. तिचं डोकं उद्याच्या पोस्टरमध्ये होतं, ती अजून जेवलीही नव्हती. तिने वाकून आईचा हात ओढला, मला बांधलं, बटण दाबलं.

मी घाबरले. दूरच्या डोळ्याला काही दिसेना. धुकं म्हणावं असंही ते नव्हतं, दुधात डोळा उघडल्यासारखं होतं. हात गार होता, घामाने ओला, आणि आतला ठोका धावत होता.

यज्ञेशने माझ्यात एक अक्कल घालून ठेवली आहे. दूरच्या डोळ्याला फारच कमी दिसलं तर शून्य धरायचं नाही, लाल दिवा लावायचा आणि वाजायचं. पट्टी सैल बसली असेल तर कळावं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा मला नाही म्हणता येणार होतं. मी लाल झाले आणि वाजायला लागले. माझा आवाज अगदी बारीक आहे, टीं टीं, डासासारखा. पण माझ्यात होता नव्हता तेवढा जीव मी त्यात घातला.

प्रांजलने मला घट्ट केलं. मी वाजले. तिने मला सोडलं, कापसाने पोट पुसलं, पुन्हा बांधलं. मी वाजले. सेल बदलला. मी वाजले.

"आजच मरायचं होतं का तुला," ती मला म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

बाहेर सहदेव सदऱ्याची बाही दुमडून, हात टेबलावर ठेवून बसले होते. त्यांनी दोनदा विचारलं, किती इला. तिसऱ्यांदा म्हणाले, माझो आकडो घाबरून पळालो वाटता. स्वतःच हसले.

"बंद कर गो त्याका," वनमाला डोळे न उघडता म्हणाली. "डोक्यात जाता."

प्रांजलने मला सोडवलं आणि मुलुंडला यज्ञेशला फोन लावला, स्पीकरवर. तो आधी म्हणाला, वाट लागली, उद्या काय दाखवायचं. मग म्हणाला, तुझ्या हातावर लावून बघ. तिने स्वतःच्या हातावर बांधून बटण दाबलं. मी लगेच गप्प झाले, हिरवी झाले. किती स्वच्छ हात होता तो, दूरच्या डोळ्याला लख्ख दिसलं. बऱ्याच महिन्यांनी मला खरं शून्य मिळालं होतं. मग तिने मला बाबांच्या हातावर बांधलं आणि मी जसं होतं तसं सांगितलं. एकोणचाळीस.

सहदेवचं हसू तिथेच राहिलं. बिघडली ती, ते म्हणाले, पण त्यांनी हात काढून घेतला नाही.

प्रांजल मला घेऊन पुन्हा चटईपाशी आली. पुन्हा आईचा हात, पुन्हा बटण, पुन्हा लाल.

"यज्ञेश, आईच्या हातावर परत वाजतेय."

"तुझ्या हातावर हिरवी होती ना?"

"हो."

"मग पट्टी बरी आहे यार. पट्टी बिघडली असती तर तुझ्याही हातावर वाजली असती."

"अरे पण आईवर कशी वाजेल? आई आपलं शून्य आहे. दर वेळी आपण तिच्यावरच तर लावतो."

"का?"

"का म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्या कुणावर का नाही? हे ठरवलं कुणी?"

"ठरवायचं काय त्यात? आईला काही नसतं," प्रांजल म्हणाली.

फोनमधून फक्त त्याच्याकडच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. स्वयंपाकघरात माझा आवाज तेवढा होता.

आत्ता हे सगळं मी तुम्हाला सांगतेय ते वनमालाच्या हातावरून. मी अजून वाजतेय. सेल नवा आहे, पण मी लहान आहे, किती वेळ वाजेन सांगता येत नाही. तुम्हाला एकच विनवणी आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याच्या हाताला तुम्ही न बघता शून्य म्हणत असाल. जी शेवटी जेवते आणि जिला 'काही नसतं'. तिचा हात एकदा धरा. माझ्यासारख्या खेळण्याने मोजू नका, दवाखान्यात न्या. पण आधी तिला विचारा तरी.

वनमालाने पाय आणखी जवळ ओढून घेतले. तिच्या घशातून एक आवाज आला, तो माझ्याही आवाजापेक्षा बारीक होता.

प्रांजलचा अंगठा माझ्या बटणावर आला. मला बंद करायला तो थोडासाच दाबावा लागतो. मला तिच्या अंगठ्याचा ठोका कळत होता, तोही आता धावायला लागला होता. तिची नजर माझ्यावरून सरकली, कोपराजवळच्या पुळ्यांवर थांबली, मग आईच्या कपाळावर, जिथे केस घामाने चिकटले होते.

तिने अंगठा उचलला.

"आई," ती म्हणाली, आणि चटईवर तिच्याशेजारी गुडघ्यावर बसली. "आई, काय होतंय तुला?"

वनमालाने डोळे उघडले. नेहमीचं उत्तर तिच्या ओठांवर आलं असावं, कारण ते हलले. मग तिने ते गिळलं.

"दुखता गो," ती म्हणाली. "सकाळपासून. पाठीत घुसता."

"बाबा," प्रांजलने दाराकडे न बघताच हाक मारली. "बाही खाली करा. खाली जाऊन रिक्षा थांबवा. आईला हॉस्पिटलमध्ये न्यायचंय, आत्ता."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, मग जिन्यावर धावत्या पावलांचा. प्रांजलने एक हात आईच्या मानेखाली घातला. मी वाजतच होते आणि मला कुणी गप्प केलं नाही.